मीठ नव्हे, धूर

तात्सुनो, १४ ऑक्टोबर

यासुशी,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. पत्राचं तसं करता येत नाही. उघडलं नाहीस तरी ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता दिसतं. म्हणून पत्र.

काम एकच आहे. सहा वर्षांपूर्वी तुझ्या आईंच्या डोक्यात रक्तस्राव झाला, तेव्हा तुमच्याकडच्या हॉस्पिटलात त्यांचे सीटी स्कॅन काढले होते. ती चित्रं मला हवी आहेत. मागितली की डिस्कवर उतरवून देतात. पण सही पेशंटची किंवा मुलाची लागते, घर सोडून गेलेल्या सुनेची चालत नाही. चालली असती तर तुझ्या दारात हे पत्र आलंच नसतं.

कशाला हवीत, ते आत्ता विचारू नकोस. भांडायला नकोत, एवढं सांगते. भांडायला मला चित्रं कधीच लागली नाहीत, हे तुला माहीत आहे.

कोनोमी ठीक आहे. उंच झाली आहे. उन्हाळ्यात तुझ्याकडे राहून आली तेव्हाचे बूट आता तिला होत नाहीत. शेवयांच्या कारखान्यात हिवाळ्याचं काम सुरू झालंय, त्यामुळे मी पहाटे निघते आणि तिचा डबा माझी आई भरते. बाकी आमचं बरं चाललंय.

आणि एक. 'तोयोकोताईला विचारून कळवतो' असं लिहू नकोस. चाळिशी आली तुझी. एक सही बहिणीला न विचारता कर.

मिझुए

ता. क. आईंचा उजवा हात आता कुठवर उचलतो? हे मात्र खरंच विचारतेय.


तात्सुनो, २७ ऑक्टोबर

यासुशी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी लिहायला तुला दहा दिवस लागले, आणि त्या दोन ओळी अशा: 'जुनं उकरून काय मिळणार? आईच्या आजाराचं कारण सगळ्यांना माहीत आहे.'

हो, माहीत आहे ना. गावभर माहीत आहे. आई स्वयंपाकघरात कोसळल्या, अँब्युलन्समध्ये रक्तदाब एकशे नव्वद निघाला, आणि दुसऱ्या दिवशी तोयोकोताई मीठ मोजायचं सळईसारखं यंत्र घेऊन आल्या. आहार सुधार मंडळाच्या त्या. गावातल्या एकेका घरच्या सुपात ती सळई बुडवून झालेली. गॅसवर आदल्या दिवशीचं मिसोचं सूप तसंच होतं. त्यात सळई बुडवली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "बघा, हे असं सूप पाजत होती ही." मग माझ्या माहेरच्या सोया सॉसची बाटली उचलली. आमच्या तात्सुनोचा सॉस रंगाला फिका, पण मीठ तुमच्या काळ्या सॉसपेक्षा जास्त, हे लेबलवरच छापलेलं. ती बाटली त्यांनी पुरावा म्हणून सगळ्या नातेवाइकांत फिरवली.

फिका सॉस आम्ही थेंबाथेंबाने वापरतो, हे मी तेव्हा ओरडून सांगितलं. माझं जेवण आईंना अळणी लागायचं आणि माझी पाठ वळली की त्या पातेल्यात आणखी खारट मिसो ढवळायच्या, हेही सांगितलं. "शुद्ध हरपलेल्या माणसावर ढकलतेस? लाज नाही वाटत?" असं तुझी बहीण म्हणाली. आणि तू खिडकीतून बर्फ बघत उभा राहिलास. तुमच्याकडे बर्फ काही नवीन नाही, यासुशी. तुला बघायला दुसरं काही सुचलं नाही एवढंच. तुमच्या भागात डोक्यात रक्त सांडलं की आधी मिठाच्या बरणीकडे बघतात, आणि मग बरणी कुणाच्या हातात होती ते. माझ्या हातात होती.

आता खरं कारण सांगते. पहिल्या पत्रात ठीक आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. कोनोमी ठीक नाही.

सप्टेंबरात संगीताच्या तासाला बासरी वाजवताना तिच्या डाव्या हाताची बोटं भोकांवरून सुटायला लागली. बाई म्हणाल्या, सराव कमी. मीही घरी रागावले. मग एका संध्याकाळी गरम उदोन शेवयांवर फुंकर मारता मारता तिच्या हातून वाडगा निसटला. ती हाताकडे बघत म्हणाली, "आई, हा हात माझा नाहीये." पाच-सात मिनिटांनी परत सगळं नीट. आमच्या जवळच्या डॉक्टरांनी वाढीचं वय, झोप पुरत नाही, असं सांगून परत पाठवलं. मी ऐकलं नाही, हिमेजीला घेऊन गेले.

तिथे कुसाकाबे म्हणून एक डॉक्टरीणबाई आहेत. बोलणं अगदी मोजकं. मी सगळी हकीकत लांबण लावून सांगत होते, त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "दोन्ही वेळा फुंकत होती?"

"हो. बासरी आणि उदोन."

"रडताना होतं का असं?"

मी कोनोमीकडे बघितलं. ती म्हणाली, "होतं. म्हणून मी आता रडत नाही."

अकरा वर्षांच्या पोरीनं हे किती दिवस असं सांभाळलं होतं कुणास ठाऊक. त्या क्षणी मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण बाई उठून एमआरआयच्या खोलीत फोन करत होत्या.

चित्र मला दाखवलं. मानेतून वर चढणाऱ्या रक्तवाहिन्या काळ्यावर पांढऱ्या दिसतात, जाड, स्वच्छ. मेंदूच्या तळाशी आल्या की त्या निमुळत्या होत होत जवळजवळ संपतात. उजवीकडे जास्त. आणि जिथे संपतात तिथे बारीक बारीक धाग्यांचं जाळं, चुलीवर ओली लाकडं घातल्यावर धूर दाटतो तसं. मोठी वाट बंद होत गेली म्हणून रक्ताने शोधलेल्या या चोरवाटा आहेत, असं बाई म्हणाल्या. जोरात फुंकलं की श्वासामुळे वाहिन्या आखडतात, चोरवाटांनी पुरत नाही, आणि हात जातो. या आजाराचं नावच मोयामोया. नावातसुद्धा धूरच.

मी विचारलं, "मुलांमध्ये हात जातो. मोठ्यांमध्ये?"

"मोठ्यांमध्ये हे धागे कधीकधी फुटतात. मग रक्तस्राव." आणि लगेच, "घरात कुणाला झालाय?"

"तिच्या आजीला. वडिलांच्या आईला. पण तो मिठाने झाला होता."

"कोण म्हणालं?"

"सगळे."

"चित्र काय म्हणालं?"

चित्राला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून डिस्क हवी आहे, यासुशी. आता तरी पाठव.

मिझुए


तात्सुनो, २० नोव्हेंबर

यासुशी,

डिस्क मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली. तू आयुष्यात लिहिलेला हा सगळ्यात लांब मजकूर असावा.

डिस्कचं आधी सांगते. कुसाकाबेबाईंनी ती माझ्यासमोर लावली. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं. आईंच्या डोक्यात ते मधोमध, खोलवर, पाण्याच्या पोकळीच्या भिंतीला लागून होतं आणि थोडं पोकळीत उतरलेलं होतं. रक्तदाबानेही त्याच आसपास रक्त सांडतं, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी आधी तो विचार केला यात काही चूक नाही, असं बाई म्हणाल्या. आणि रक्तस्राव झाल्यावर रक्तदाब आपोआपही चढतो, त्यामुळे अँब्युलन्समधल्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. "सीटी रक्त कुठे सांडलंय ते सांगतो," बाई म्हणाल्या. "का सांडलंय ते कळायला रक्तवाहिन्या बघाव्या लागतात. त्या इथे कुणी बघितलेल्या नाहीत. का बघितल्या नाहीत, ते मला कळत नाही."

मला कळलं होतं. तुझी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती.

डॉक्टरांनी तुला आणि तोयोकोताईंना आत बोलावून सांगितलं होतं की वय अठ्ठावन्न म्हणजे तसं लवकर आहे, औषध घालून रक्तवाहिन्यांची चित्रं काढून बघू या, दुसरं काही कारण असेल. आणि तुम्ही दोघं म्हणालात की नको, कारण आम्हाला माहीत आहे. आईला उगीच सुया कशाला. मी तेव्हा घरी कोनोमीचा ताप बघत होते. मला कुणी सांगितलंही नाही.

चिठ्ठी मी तीनदा वाचली. पहिल्यांदा तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, तिसऱ्यांदा वाटलं की आगगाडीत बसून अकिताला यावं आणि तुम्हा भावंडांची डोकी एकमेकांवर आपटावीत. माझ्यावर खापर फोडलंत, ते मी गिळलं असतं. पण ते खापर तुम्हाला इतकं सोयीचं पडलं की तुम्ही डॉक्टरांनाही पुढे बघू दिलं नाही! आईंना त्यानंतर रक्तदाबाच्या गोळ्या देऊन आणि लोणचं बंद करून निवांत बसलात. ते धागे पुन्हा फुटले असते तर? अजूनही फुटतील तर?

तू लिहितोस की तू तेव्हा घाबरला होतास आणि ताई ठामपणे बोलत होती, म्हणून तू मान हलवलीस. मला हे समजतं. तुझी ती मान मी नऊ वर्षं बघितली आहे.

राग एवढाच पुरे. आता काम.

आईंच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय काढायचा आहे. साध्या एमआरआयमध्येही दिसतं, सुई लागत नाही. आणि आईंचा झाला की तुझा. कोनोमीत हे माझ्याकडून आलेलं दिसत नाही. मी गेल्या आठवड्यात त्या नळीत झोपून आले, माझ्या रक्तवाहिन्या रस्त्यासारख्या सरळ आहेत. आईंमध्ये धूर निघाला तर आजी आणि नात यांच्यामध्ये तूच आहेस.

'बर्फाचा मोसम आलाय, नंतर बघू' हे उत्तर तू लिहायच्या आत मी खोडून ठेवते.

मिझुए


तात्सुनो, ११ डिसेंबर

यासुशी,

तू उत्तर दिलं नाहीस, पण उत्तर आलं. तुझ्या आईंकडून.

तुझ्या घरी पोस्टमन दुपारी येतो तेव्हा तू कामाच्या गाडीवर असतोस आणि आई कोतात्सुच्या गरम टेबलाखाली पाय घालून टीव्ही बघत असतात, हे मला लक्षात ठेवायला हवं होतं. त्यांनी माझी तिन्ही पत्रं वाचली आहेत. डाव्या हाताने पाकीट फोडायला वेळ लागतो, पण वेळच वेळ आहे, असं म्हणाल्या. काल रात्री जेवताना फोन वाजला.

"मिझुए, मी बोलत्ये. घाबरू नकोस, मेलेली नाही."

सहा वर्षांनी हे पहिलं वाक्य. मी घास गिळला.

"ऐक. मी आरोग्यसेविकेला घेऊन गेले होते, तोयोकोला नाही सांगितलं. तिला सांगितलं असतं तर सळई घेऊन आली असती. त्या नळकांड्यात घातलं मला. आत काय हातोडे मारतात गं! मला वाटलं, छपरावरचं बर्फ कोसळतंय. हलू नका, हलू नका म्हणतात. अगं, अर्धं अंग आधीच हलत नाही, आणखी काय नको हलवू?"

"काय निघालं, आई?"

"धूर निघाला. दोन्हीकडं. डॉक्टर पोरगा आहे अगदी, चित्र बघून तोच घाबरला. म्हणाला, आजी, तुमच्या डोक्यात हे जन्मभर वाढत आलंय, मिठाशी याचा संबंध नाही." मग म्हणाल्या, "पातेल्यात मिसो मी घालायचे."

"ठाऊक आहे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही बोलायच्या अवस्थेत नव्हतात, आणि बाकीचे ऐकायच्या."

"मला वाचा फुटली तोवर तू गेली होतीस. मग म्हटलं, आता बोलून काय. सुनेनं केलं म्हणण्यात सगळ्यांची सोय होती. माझीसुद्धा." त्या रडत नव्हत्या. त्या रडत असत्या तर मला सोपं गेलं असतं. "पोरीचं कधी आहे ऑपरेशन?"

मी तारीख सांगितली. त्यांनी कोनोमीला फोन द्यायला लावला आणि तिला म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात माझा धूर आहे होय गं? मला विचारून तरी घ्यायचास." कोनोमी इतकी हसली की मला भीती वाटायला लागली, हसतानाही हात जातो की काय.

यासुशी, आता मला जे वाटलं ते लिहिते. सहा वर्षं मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी यावं आणि तुमच्या सगळ्या गोतावळ्यासमोर सांगावं की हे मिझुएच्या हातून झालेलं नाही. स्वयंपाक करताना, शेवया बांधताना, झोप येत नसताना मी त्या माणसाची भाषणं मनात लिहिली आहेत. काल ते झालं. आईंच्या डोक्यातल्या चित्राने मला सोडवलं. आणि फोन ठेवून मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, कारण तेच चित्र सांगत होतं की कोनोमीच्या डोक्यातही हेच आहे आणि हेच पुढे फुटू शकतं. माझंच सूप खारट निघालं असतं तर किती बरं झालं असतं. मी जन्मभर तो दोष माथी घेतला असता, खुशाल घेतला असता. पोरीला फक्त मीठ कमी खायला सांगितलं असतं आणि संपलं असतं.

आता तू. कोनोमीने काल मला एक सांगितलं. उन्हाळ्यात तू अंगणात मासे भाजत होतास, कोळसे फुलवायला वाकून फुंकत होतास, आणि चिमटा तुझ्या हातातून पडला. तू दुसऱ्या हाताने तो हात धरून बसलास. तिला म्हणालास, "आईला सांगू नकोस." तिने नाही सांगितलं. तिचा स्वतःचा हात जायला लागला तेव्हाही नाही सांगितलं. बाबा बोलत नाहीत म्हणजे बोलायचं नसतं, असं तिला वाटलं.

तू का जात नाहीस ते मी ओळखते. चित्रात काही निघालं तर बर्फ काढायच्या गाडीची किल्ली परत द्यावी लागेल. पण पहाटेच्या अंधारात, शाळेच्या रस्त्यावर, त्या गाडीच्या स्टिअरिंगवरून तुझा हात सुटला तर काय होईल, ते तू मला नको सांगूस, स्वतःला सांग.

ऑपरेशन नाताळच्या दुसऱ्या दिवशी आहे. ये. माझ्यासाठी नको येऊस.

मिझुए


तात्सुनो, ३० डिसेंबर

यासुशी,

कोनोमी शुद्धीवर आहे, बोलते आहे, आणि डोक्यावरच्या पट्टीमुळे मी कलिंगडासारखी दिसते अशी तक्रार करते आहे. कानावरून जाणारी कातडीखालची रक्तवाहिनी त्यांनी आत वळवून मेंदूला जोडली. काल पुन्हा चित्र काढलं. जोडलेल्या वाहिनीतून रक्त जातंय. कुसाकाबेबाई चित्र बघून "वाहतंय" एवढं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

हे सगळं तुला तोंडी सांगितलं असतं. पण तू निघून गेलास.

तुला त्या नळीत पाठवायचं मला जे चार पत्रांत जमलं नाही ते कोनोमीने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पलंगावर बसून केलं. "बाबा, मी गेले. आई गेली. आजी गेली. तू भित्रा आहेस का?" तू गेलास. मला वाटलं, आता झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आपल्याला चित्र दाखवायला बसवलं. त्यांनी पहिलं चित्र लावलं, तुझ्या दोन्ही बाजूच्या वाहिन्या निमुळत्या झालेल्या तुला दिसल्या, आणि तू उठून खोलीबाहेर गेलास. मला वाटलं सिगारेट ओढायला गेला असेल. तू परत वर आलाच नाहीस. कोनोमी शुद्धीत आल्यावर तिने पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. तू आलेला असून नव्हतास, हे तिला सांगताना मला तुझा फार राग आला. नंतर तू ऑपरेशन संपेपर्यंत तळमजल्यावर बसून होतास असं नर्सने सांगितलं, तेव्हा थोडा कमी झाला. सगळा नाही.

तू ऐकलं नाहीस ते आता वाच.

बाईंनी दुसरं चित्र लावलं. जुनं रक्त वाळून गेलं तरी त्यातलं लोखंड मेंदूत राहतं, आणि एका तऱ्हेच्या चित्रात ते काळ्या ठिपक्यासारखं उमटतं. तुझ्या डोक्यात असा एक ठिपका आहे. मसुराच्या डाळीएवढा. केव्हातरी तुझा एक धागा फुटला आहे, थोडंसं रक्त सांडलं आहे आणि आपोआप थांबलं आहे. गेल्या फेब्रुवारीत तू दोन दिवस डोकं धरून पडून होतास आणि दारू जास्त झाली असं सगळ्यांना सांगितलंस, ते आईंनी मला सांगितलं. तोच असेल असं बाईंना वाटतं. पुढच्या वेळी आपोआप थांबेल याचा भरवसा कुणी देत नाही. कोनोमीसारखी जोडणी तुझीही करता येते. नवीन वाट मिळाली की चोरवाटांवरचा भार कमी होतो.

मी बाईंना विचारलं, "मुलीला त्याच्याकडून गेलं का?"

त्या म्हणाल्या, "वारशाने कल येतो, आजार येतोच असं नाही. हा प्रश्न त्यांच्या मनात असेल तर सांगा की नाक आणि कान आपण निवडून देत नाही, तसंच हेही." मग म्हणाल्या, "बाहेर गेले ते यासाठीच ना?"

मी हो म्हटलं. तू बाहेर गेलास ते भित्रा आहेस म्हणून नव्हे, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. पोरीला तू काहीतरी वाईट दिलंस असं तुला वाटलं, आणि तिच्यासमोर ते तोंड घेऊन उभं राहवेना. मला ते कळतं. सहा वर्षं एका घरातल्या आजाराचं कारण म्हणून माझ्याकडेच बोट होतं. कारण असण्याचं ओझं कसं असतं ते मी तुला शिकवू शकते. तू ते उचलू नकोस. तुझं नाहीये ते.

गाडीची किल्ली परत कर. नवीन वर्षाच्या सुट्टीतच कर.

मिझुए


तात्सुनो, १८ जानेवारी

यासुशी,

पत्र पोचलं. किल्ली दिलीस हे वाचून मी कारखान्यात जागीच खाली बसले. शेजारच्या बाईला वाटलं, मला चक्कर आली. तुला गोदामात काम दिलं आणि तू तिथे कंटाळला आहेस, हेही वाचलं. कंटाळ.

तू लिहितोस की तुमच्याकडचे डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून, औषध सोडून सगळ्या वाहिन्यांची चित्रं काढायची म्हणतात. कुठल्या धाग्याला फुगवटा आलाय आणि कुठला आधी फुटेल ते त्यातच कळेल, मग जोडणी कुठे करायची ते ठरेल. बरोबर म्हणतात. कुसाकाबेबाईंना विचारलं, त्यांनीही मान हलवली. आईंसाठी सहा वर्षांपूर्वी हेच काढायचं म्हणत होते.

आणि शेवटी लिहितोस की आधी एकदा घरच्यांना बोलावून चित्रं दाखवणार आहेत, सगळं समजावून सांगणार आहेत, तर ताई येईल.

ताई येणार नाही. मी त्यांच्याशी बोलले आहे. हो, मीच फोन केला. सुरुवातीला त्या म्हणाल्या की डोक्यात नळी घालणं म्हणजे काही खेळ नाही, यासुशी तसा धडधाकट आहे, खाण्यापिण्याचं पथ्य पाळलं तर निभेल. मी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हटलं, "ताई, तुमच्या भावाच्या डोक्यात रक्त एकदा सांडून गेलंय. चित्रात दिसतंय." मग त्यांनी विचारलं, "मला कळेल का गं ते चित्र?" एवढ्या खालच्या आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, मी पाठवते. मी आत्ताच पाकिटात घातलंय. त्यांना कळावं म्हणून ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय.

कोनोमी शाळेत जायला लागली आहे, टोपी घालून. आठवडाभर माझी आई तिच्याजवळ आहे. कारखान्यातून रजा मिळाली.

शुक्रवारी संध्याकाळी पोचते. डॉक्टरांच्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसणार आहे. एकेका चित्रावर बोट ठेवून मी त्यांना विचारीन, हे काय, ते काय, हे का. ते वैतागले तरी विचारीन. तुला उठून जावंसं वाटलं तर जा, मी बसून राहीन आणि बाहेर येऊन तुला सगळं सांगीन. पण सुई लावायची का असं त्यांनी विचारलं की उत्तर मी देणार, तू खिडकीबाहेर बघत असलास तरी.

घरचं कोण येणार म्हणून हॉस्पिटलातून विचारतील. माझं नाव दे. नातं विचारलं तर बायको सांग.

मिझुए